पाच जिल्ह्यांचे भाऊजी

उद्या जगबुडी होणार असं नक्की ठरलं, तर तिची माहिती पाच जिल्ह्यांकडून विहित नमुन्यात मागवून, तिचं संकलन करून, बेरीज दोनदा तपासून, बुडण्याच्या आदल्या दिवशी साडेपाचच्या आत ती वर पाठवू शकेल असा एकच माणूस या पृथ्वीवर आहे आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. वर म्हणजे नेमकं कुठे, हे मला आजवर कळलेलं नाही. एकदा मी सरळ विचारलं, "भाऊजी, वर म्हणजे कुठं?" त्यांनी मान न उचलता सांगितलं, "वर म्हणजे वर. थे आपलं काम नाई. आपलं काम पाठवाचं." अमरावतीच्या एका विभागीय कार्यालयात त्यांचं टेबल होतं. खातं कोणतं ते लिहीत नाही, कारण मी ज्या ज्या खात्यातल्या माणसाला हे वर्णन सांगितलं त्या प्रत्येकाला ते आपलंच वाटलं. टेबलाचं नाव संकलन. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम या पाच जिल्ह्यांतून माहिती यायची, भाऊजी ती एका तक्त्यात घालायचे, तक्ता वर जायचा आणि दुसऱ्या दिवशी वरून नवा नमुना यायचा, कालच्यासारखाच, फक्त एक रकाना जास्त असलेला. प्रत्येक नवा साहेब येताना एक रकाना घेऊन यायचा आणि जाताना तो तिथेच ठेवून जायचा. बावीस वर्षांत तो तक्ता इतका आडवा वाढला होता की भाऊजी तो छापून चिकटवायचे आणि घरी दिवाणावर पसरायचे. त्या दिवशी ताई जेवण खाली चटईवर वाढायची.

राहणं अकोल्याला आणि नोकरी अमरावतीला. आमच्याकडे याला अप-डाऊन म्हणतात आणि निम्मं वऱ्हाड ते करतं. घर अमरावतीला का हलवलं नाही, तर बदली कधीही होईल म्हणून, आणि बदली का झाली नाही, तर संकलन दुसऱ्या कोणाला जमत नाही म्हणून. सकाळच्या गाडीत अप-डाऊनवाल्यांचा ठरलेला डबा असतो. त्यात पत्ते चालतात, हरभऱ्याच्या दिवसांत सोले खाल्ले जातात, मुलामुलींची लग्नं जुळतात. भाऊजी खिडकीशी मांडीवर पुठ्ठा घेऊन बसायचे आणि मूर्तिजापूर येईपर्यंत दोन जिल्हे संपवायचे. पत्तेवाले त्यांना मान देत. म्हणजे त्यांची जाड फाइल पत्ते मांडायला मागून घेत. एकदा यवतमाळची बेरीज जुळेना. भाऊजी तिच्यात असे बुडाले की अमरावतीसाठी जिथे उतरायचं त्या बडनेऱ्याला सगळा डबा उतरला, "साहेब, चला," असं कोणी खांद्याला हात लावून म्हणालं, यांनी मानही हलवली, पण ते वाक्य आत गेलं नाही. पुढे धामणगावला गाडी थांबली तेव्हा ते उतरले, फलाटावरच्या बाकावर बसले, बेरीज जुळवली आणि परतीच्या गाडीनं बारा वाजता कार्यालयात पोचले. बावीस वर्षांतला तो एकमेव उशीर. मी सांत्वन करायला फोन केला तर म्हणाले, "नाई वं, वाईट कायचं? धामणगावच्या टेसनवर लय शांत हाय. तेथीच तर जुळलं यवतमाळ."

रविवारीही ते जात. रविवारी कार्यालयात कोणी नसतं, त्यामुळे कामाला जोर येतो असं त्यांचं म्हणणं. रजेचा अर्ज त्यांनी कधी लिहिला नाही. किरकोळ रजा दरवर्षी एकतीस डिसेंबरला आपोआप मरून जातात, त्या ते शांतपणे मरू देत. घरी आले तरी बोलण्याची भाषा टेबलावरचीच. सरकारी कामात कळवण्यासारखं काही नसलं तरी ते कळवावं लागतं, आणि त्यासाठी 'निरंक' असा शब्द आहे. ताईनं विचारलं, "दुपारचा डबा उरला का?" तर उत्तर, "निरंक." पोटात दुखतं का, निरंक. माझ्या भाचीच्या, म्हणजे त्यांच्याच मुलीच्या, लग्नात आचाऱ्याला बाजूला घेऊन त्यांनी आलेले पाहुणे, जेवलेले पाहुणे आणि तफावत अशी माहिती मागितली. आचारी परतवाड्याचा, मोठा गोड माणूस. तो म्हणाला, "साहेब, तफावत भेटली का मी तुमाले ताटातच वाढून देतो." भाऊजींनी ते लिहून घेतलं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मुलीचा बाप सापडेना. तो मंडपामागे, जनरेटरच्या आडोशाला, वाशिमशी बोलत होता.

मी स्वतः अमरावतीत मुलींची मेस चालवते. बेचाळीस डबे, दोन वेळा. त्यामुळे माझंही आयुष्य याद्यांवरच चालतं: उद्याची भाजी, संपलेलं तिखट, डबा बंद करून गावी गेलेल्या मुली. याद्या करणाऱ्या माणसाला भाऊजींचं वेड परकं वाटत नाही. उलट मला त्यांच्याबद्दल कायम एक व्यावसायिक आदर होता. फरक इतकाच की माझी यादी संध्याकाळी संपते आणि मी तिच्यावर काट मारते. भाऊजींच्या यादीला काट मारण्याची सोयच नव्हती. आणि तरी हे सगळं मी हसत हसत सांगत राहिले असते, जर ताईचे कान गेले नसते.

ताई म्हणजे आमच्या घरातलं बोलकं माणूस. लहानपणी आम्ही एका खोलीत झोपायचो तेव्हा ती बोलता बोलता झोपायची आणि सकाळी उठून राहिलेलं वाक्य पुरं करायची. पन्नाशी उलटल्यावर तिला कुकरच्या शिट्ट्या चुकायला लागल्या. मग दाराची घंटा, मग फोनवरचं माझं बोलणं. मी अकोल्याला जाऊन तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. भाऊजी येणार होते, पण त्या दिवशी आढावा बैठक निघाली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानाची नस दमत चालली आहे, मशीन आजच लावा. "पण एक लक्षात ठेवा," ते म्हणाले. "मशीन फक्त आवाज मोठा करतं. शब्द मेंदू ओळखतो, आणि त्याची ती सवय सुटत चालली आहे. घरातल्या माणसानं समोर बसून रोज एक तास यांच्याशी बोलायचं. साधं, रोजचं बोलणं. यांनी ऐकायचं. वर्ष-दोन वर्षं हे नेमानं केलं तर बोलणं टिकेल. नाही केलं, तर पुढे आवाज येईल पण शब्द येणार नाहीत." मी डायरी काढून लिहिलं: रोज एक तास बोलणे. पुढे कोणाचं नाव लिहायचं हा प्रश्नच नव्हता. भाची पुण्याला, मी अमरावतीला. घरात माणूस एकच.

भाऊजींनी लगेच मान्य केलं. त्यांचा स्वभाव तसा आहे, कोणतंही काम ते नाकारत नाहीत. "एक तास म्हणजे काय हाय वं? आठ ते नऊ. लिहून घे." मी स्वयंपाकघरात दिनदर्शिका टांगली, ज्या दिवशी बोलणं होईल त्या दिवशी ताईनं खूण करायची असं ठरवून दिलं आणि व्यवस्था लागली या समाधानात गाडीत बसले. पहिल्या दिवशी ते खरंच खुर्ची ओढून समोर बसले. आठ वाजून सहा मिनिटांनी बुलढाण्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी गाडीच साडेआठला आली. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आज राहू दे, हा अहवाल एकदा गेला का मंग बोलूच." हे 'एकदा गेला का' माझ्या ताईनं किती वर्षं ऐकलं असेल त्याची नोंद कोणी ठेवलेली नाही. तीन महिन्यांनी मी दिनदर्शिका पाहिली तर एकूण चार खुणा होत्या. त्यातल्या दोन दिवशी संप होता आणि कार्यालयाला कुलूप होतं.

मी चिडले, तेव्हा त्यांनी त्यावरही मार्ग काढला. मार्ग काढण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. सकाळी गाडीत बसल्या बसल्या ते मोबाइलवर आपलं बोलणं भरायचे आणि ताईला पाठवायचे. "मी बोललो काय आन् मोबाइल बोलला काय, आवाज माहाच हाय ना?" बोलण्याला विषय हवा, तो त्यांच्याजवळ नव्हता. मग ते हातातली परिपत्रकंच वाचून दाखवू लागले. ताई दुपारी मशीन लावून, मोबाइल कानाजवळ धरून, मागच्या ओसरीत बसायची आणि रुळांच्या खडखडाटातून 'उपरोक्त विषयास अनुसरून' ऐकायची. मी एकदा तिच्याजवळ बसून ऐकलं. संदर्भ क्रमांक होते, सोबत जोडलेल्या पत्रांची यादी होती, शेवटी, वाटेतलं स्टेशन आल्यावर, "कुरूम आलं, ठेवतो" असं होतं. ताई ते शेवटचे शब्द पुन्हा पुन्हा लावून ऐकत होती. मी म्हटलं, "यात काय ऐकतं तू?" ती म्हणाली, "हे त्याइचं सोताचं हाय. बाकीचं सरकारचं."

त्यातूनच तो प्रसंग घडला, जो सांगताना भाऊजी स्वतः डोळे पुसेपर्यंत हसतात. एका सकाळी त्यांनी ताईसाठी बोलणं भरलं: "जेवली का? गोळी घेतली का? मशीन कानात हाय का डब्बीतच हाय? लगेच सांग." आणि ते पाठवलं पाच जिल्ह्यांच्या कार्यालयीन गटावर. वरिष्ठांचा आवाज, त्यात लगेच हा शब्द. पाचही जिल्ह्यांना कसली शंका आली नाही. पंधरा मिनिटांच्या आत उत्तरं सुरू झाली. अकोला: होय सर, घेतली. वाशिम: जेवण झाले, गोळी निरंक. अमरावती: मशीन अद्याप प्राप्त नाही. यवतमाळ: तालुक्यांकडून माहिती मागविण्यात येत आहे. भाऊजींनी उत्तरं पाहिली, आपण कधी काय मागवलं होतं ते आठवेना, पण सवयीनं त्यांनी कागदावर पाच रेघा ओढल्या आणि भरायला घेतलं. चार जिल्हे आले, बुलढाणा नाही. त्यांनी फोन लावला. बुलढाण्याचा कारकून घाबरून म्हणाला, "सर, माफी असावी, पण मले डॉक्टरनं गोळी अजून सुरूच नाई केली." तेव्हा कुठे यांना उजेड पडला. भाऊजी आमच्या घरी जेवायला बसून हे सांगत होते. माझे यजमान हसत होते, मी हसत होते, आणि ताई आमच्या तोंडांकडे पाहून हसत होती. नंतर भांडी आवरताना तिनं मला विचारलं, "कशाले हसले वं सारे?"

त्या वर्षीच्या रोडग्यांचंही तसंच. मार्गशीर्षात आमचा शेतात बेत असतो. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वर तूप. यादी माझ्याकडे असते. भाऊजी आले याचाच सगळ्यांना आनंद झाला. पण शेतात मोबाइलला रेंज नव्हती, ती फक्त ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून उभं राहिलं तर मिळायची. ते चढले आणि दुपारभर तिथेच राहिले, एका हातात रोडगा, दुसऱ्यात मोबाइल. वरून ते, "वाशिम, आवाज येते का? वाशिम?" असं विचारत होते. खालून ताई तुपाची वाटी धरून, "तूप वाढू का? अहो, तूप?" असं विचारत होती. दोघांनाही उत्तर मिळत नव्हतं.

शेवटी मी ठरवलं की मुळावरच जायचं. ताईला घेऊन सरळ त्यांच्या कार्यालयात गेले. वाटलं होतं, साहेब नावाचा कोणी खडूस माणूस असेल, त्याच्याशी चार शब्द स्पष्ट बोलावे. साहेब पस्तिशीचे, डोळे लाल, आणि दुपारचे चार वाजले असताना ते बिस्किटाचा पुडा जेवत होते. मी माझी यादी काढली: डॉक्टर काय म्हणाले, किती दिवसांची रजा लागेल, संध्याकाळी पाचची गाडी मिळाली तर किती फरक पडेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, रजा द्यायला माझी ना नाही," ते म्हणाले. "त्यांनी मागायला तर हवी. मी त्यांना सहा वाजता घरी जा म्हणतो, ते हो म्हणतात आणि बसून राहतात. आणि ते बसलेत म्हटल्यावर मीही बसतो. वरचे साहेब तर त्याहून उशिरापर्यंत बसतात. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. मी घरी दिसलो की माझ्या मोबाइलकडे बोट दाखवते, कारण तिनं मला पाहिलंय ते त्यातच." मी विचारलं, मग ही एवढी माहिती कोण वाचतं? ते म्हणाले, "आम्ही वर पाठवतो."

त्यांनी भाऊजींना आत बोलावलं आणि माझ्यासमोर सांगितलं की उद्यापासून महिनाभर रजा घ्या, मी सही करतो. भाऊजी अदबीनं म्हणाले, "साहेब, मार्च आहे." साहेब म्हणाले, मार्च झाल्यावर घ्या. भाऊजी म्हणाले, एप्रिलमध्ये वार्षिक असतं. मग मे, मग नवीन साहेबांचा रकाना. ताई बाहेर बाकावर आमची वाट पाहत होती. आम्ही बाहेर आलो तेव्हा तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलली. इतकी वर्षं मी मनात कोणावर तरी रागावत होते, त्या माणसाला शोधत तिथवर गेले होते, आणि तो माणूस त्या इमारतीत नव्हता. दार उघडं होतं. भाऊजीच बाहेर येत नव्हते. ताईला अकोल्याच्या गाडीत बसवायला बडनेऱ्याला जाताना ऑटोत मी ताईची पिशवी मांडीवर घेतली आणि प्रथमच माझ्याजवळ पुढच्या कामाची यादी नव्हती.

गेल्या वर्षी जूनअखेर ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला आम्ही सगळे गेलो. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणांत प्रत्येकानं त्यांना कार्यालयाचा कणा म्हटलं. दोन शब्द बोलायला ते उभे राहिले आणि खरोखर दोनच शब्द बोलले, कारण यवतमाळचा फोन वाजला. त्यानंतरही चार महिने टेबल सुटलं नाही. नवीन माणसाला काही जमेना, तो सकाळ-संध्याकाळ फोन करी, आणि भाऊजी अकोल्यात दिवाणावर तक्ता पसरून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत. मी फोन करून ताईशी बोलायचं काय झालं विचारलं की म्हणत, "आता मोकळाच हाय ना मी. हे एवढं एकदा गेलं का." मी त्यांच्यावर ओरडले. एकदा तर लिहून पाठवलं की तुम्ही बावीस वर्षं पाच जिल्ह्यांचं ऐकलं, सहावा जिल्हा घरात आहे. त्याचं उत्तर आलं: "नोंद घेतली."

दिवाळीनंतर फोन यायचे बंद झाले. आठ-दहा दिवस ते वाट पाहत राहिले. मग त्यांनीच लावला. नव्या पद्धतीत प्रत्येक जिल्हा आपली माहिती स्वतः संगणकावर भरतो, ती आपोआप एकत्र होते आणि आपोआप वर जाते. संकलनाची आता गरज नाही. हे त्यांनी मला अगदी साध्या आवाजात सांगितलं, पाऊस थांबला असं सांगावं तसं. मी विचारलं, "आन् टेबल?" "टेबल हाय ना. कूलर ठेवलाय म्हणते त्याच्यावर."

जानेवारीत आम्ही ताईला पुन्हा त्याच डॉक्टरांकडे नेलं. या वेळी भाऊजी होते. तपासणीत डॉक्टर काचेच्या पलीकडून एकेक शब्द म्हणतात आणि माणसानं तो परत म्हणायचा असतो. ताईच्या कानात मशीन होतं. डॉक्टरांचा आवाज तिला येत होता, प्रत्येक वेळी ती मान वर करायची. पण शब्दानंतर ती काही म्हणायची नाही, हसून माझ्याकडे पाहायची, लहानपणी परीक्षेत अडल्यावर पाहायची तशी. भाऊजी कोपऱ्यात बसले होते. सवयीनं त्यांनी खिशातली वही काढली होती आणि प्रत्येक शब्दापुढे ते बरोबर की चूक लिहीत होते. शेवटी त्यांनी बेरीज केली. बेरीज त्यांची कधी चुकत नाही. त्यांनी ती एकदा पाहिली, पुन्हा पाहिली, आणि वही मिटून खिशात ठेवली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "सराव करा. सोडू नका." पण ते ज्या आवाजात म्हणाले त्यात आता फारसं काही उरलेलं नव्हतं, आणि हे भाऊजींनाही कळलं. ऑटोत ते समोर बघत बसले होते. उतरताना त्यांनी ताईचा हात धरला. पायरी उंच नव्हती.

त्या संध्याकाळी मी तिथेच राहिले. सहाच्या सुमारास भाऊजींनी मागच्या ओसरीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, ताईला बसवलं, स्वतः बसले, घसा साफ केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"विषय काय घेऊ?"

"विषय कायचा, भाऊजी? काहीबी बोला."

त्यांनी खिशातली वही चाचपली. मग म्हणाले, "आज थंडी हाय."

"अं?" ताई पुढे वाकली.

"थंडी हाय म्हटलं. थंडी."

ताईनं मान हलवली. तिला कळलं की नाही कोण जाणे. पाच जिल्ह्यांशी बावीस वर्षं अखंड बोललेला माणूस, त्याला दुसरं वाक्य सापडत नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो इतकी वर्षं मी नीट जपून ठेवला होता. पण ते ओसरीकडे, अंगणाकडे असं पाहत होते, जसा एखादा पाहुणा पाहतो. मग त्यांचा हात वर झाला. अंगणात सीताफळाचं झाड आहे, आता चांगलं डोक्यावर गेलेलं. त्याच्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हे कवा लावलं आपण?"

बोट होतं म्हणून ताईला कळलं. "आपण नाई," ती म्हणाली. "मी लावलं. अकरा वर्षं झाले त्याले. तुमी गावात नव्हते. म्हणजे होते, पण नव्हते." आणि मग ती सुरू झाली. झाडाला पहिल्या वर्षी वाळवी लागली ते, शेजारणीची गाय शिरली ते, त्याच पावसाळ्यात मधली खोली गळत होती आणि तिनं एकटीनं गवंडी कसा मिळवला ते. भाचीला दहावीच्या पेपराच्या दिवशी ताप होता ते भाऊजींना माहीत नव्हतं. त्यांच्या आईनं शेवटच्या आठवड्यात काय काय मागितलं, तेही नव्हतं. ताई सांगत होती आणि भाऊजी खुर्चीच्या कडेला येऊन ऐकत होते. मधे बोलता बोलता तिनं मशीन कानातून काढलं आणि मांडीवर ठेवलं. बोलायला ते लागत नाही.

डॉक्टरांनी सांगितलेला सराव हा नव्हता. भाऊजींनी बोलायचं होतं, ताईनं ऐकायचं होतं. हे पार उलटं चाललं होतं आणि त्यानं तिच्या कानाला काही एक उपयोग होणार नव्हता. चूक दिसली की ती जागच्या जागी दाखवायची माझी सवय आहे. त्या दिवशी मात्र मी आत गेले आणि भात टाकला. बाहेरून ताईचा आवाज येत होता, जरा चढा, ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा असतो तसा. मध्येच तो थांबला. भाऊजींनी हळूच काही विचारलं असावं आणि तिला ते उमगलं नसावं, कारण ती पुन्हा बोलू लागली ती कुठल्या तरी तिसऱ्याच गोष्टीबद्दल. भाऊजींनी तिला दुरुस्त केलं नाही.